काच नाही, प्लास्टिक

मानवत रोडहून येताना परवा
रोही दिसला तो जवळजवळ बोनेटला लागल्यावरच.
आधी चार पाय, मग पोट,
मग उसात शिरलाही, आवाज न करता.
मागच्या सीटवर प्रणिता झोपलेली,
तिला अजून सांगितलेलं नाही.
खाली उतरून पाहिलं, दोन्ही दिवे चालू होते.
पण उजेड बाहेर यायलाच तयार नव्हता,
जुन्या फायलीच्या कागदासारखा
पिवळा होऊन आतच बसलेला.

नईमने बोटाने टिचकी मारली.
"काच न्हाई मावशी, पिलास्टिक हाय ते. ऊन खाल्लंय त्यानं.
नवा सेट पाच हजार. न्हाईतर घरीच घासा."
हे पुण्याहून फोनवर म्हणाले, दिवाळीला येतो, मग बघू.
दिवाळीला पाच महिने होते.

टूथपेस्ट मागच्या वर्षी लावून झाली होती.
दोन आठवडे गाडीला लवंगेचा वास.

तीन पॉलिशपेपर घेतले. आठशे, पंधराशे, दोन हजार.
पाटबंधारे खात्यात मला मिळालेल्या
पगारवाढींसारखे आकडे.
रविवारी सहाला सुरू केलं, उजव्यापासून,
कारण लिंबाची सावली तिकडेच होती.
रंगाला धक्का नको म्हणून भोवती चिकटपट्टी,
वहीला कव्हर घालताना लावतात तशी.
नळ सहाव्या दिवशी येतो, तो दिवस काल होऊन गेलेला,
म्हणून कूलरच्या टाकीतलं पाणी काढलं.
त्याला वाळ्याचा वास होता.

पहिला ओघळ आला तो पिवळा.
पंधरा उन्हाळे बंपरवरून उतरून
फरशीच्या फटीत गेले.

आणि मग दिवा होता त्याहून गेला.
पांढराफट्ट. पिठाची चाळणी झटकावी तसा.
शोभाताई गेटात येऊन उभ्या,
"काय करायलीस गं? होतं तेबी घालवलीस."
मी उत्तर दिलं नाही.
मलाही तेच वाटत होतं.

नईमचं म्हणणं, भ्यायचं न्हाई.
आठशेचे ओरखडे पंधराशेने पुसायचे,
पंधराशेचे दोन हजारने.
म्हणजे ओरखडे जात नाहीत,
नजरेला सापडणार नाहीत
इतके बारीक होतात, एवढंच.
मला हे आवडलं नाही.
घासत राहिले.

यांच्या जुन्या बनियनवर पॉलिश घेतलं,
गोल गोल, मनगट दुखेपर्यंत,
आणि कोपऱ्यातून बल्ब दिसू लागला.
त्याच्याशेजारी एक पाकोळी,
केव्हाची मेलेली, पंख पसरून, शाबूत.
आत कशी गेली कोण जाणे.
बाहेरून कितीही घासलं तरी ती तिथेच.
तिच्यासकट वरून लॅकरचा फवारा मारला.
हा मारला नाही तर दिवाळीपर्यंत
पुन्हा जैसे थे, असं नईमने बजावलं होतं.

दहा वाजता फरशीवर पाय ठेववेना.
टाकीचा तळ दिसला.
डावा राहिला.

त्याच रात्री प्रणिताची परतीची गाडी.
स्टेशनला निघालो तेव्हा ती पुढे जाऊन वाकून बघून आली.
"आई, एकच?"
"पाणी संपलं."

पाथरी मागे पडली. डावीकडे तोच जुना अंदाज,
बाभूळ असेल, माणूस असेल.
उजवीकडे रस्त्याच्या मधोमध पांढरी पट्टी,
खड्ड्यापाशी तुटलेली, पुढे परत सुरू झालेली.
ही इथे आहे हे मला माहीत नव्हतं.
चार वर्षं मी या रस्त्याने जाते.

समोरून उसाचा ट्रक.
त्याने डिपर मारला, पुन्हा मारला.
मला वाटलं, पुढे काही पडलंय.
प्रणिता म्हणाली, "अगं, त्याच्या डोळ्यावर जातोय."
"काय?"
"आपला लाइट."

मी स्टिअरिंगखाली ती दांडी चाचपडत राहिले,
वर की खाली, पुढे की मागे,
आजवर कधी लागलीच नव्हती.